हनानचा सव्वा महिना

आमचं घर जुळे सोलापुरात झालं तेव्हा त्या भागाला वस्ती म्हणणं धाडसाचंच होतं. चुन्याच्या रेघांनी आखलेले प्लॉट, मधेच बाभळी, आणि एकमेकांपासून फटकून उभी राहिलेली काही घरं. सात रस्ता चौकातून रिक्षावाला यायला तयार नसायचा. "परत येताना शीट मिळत न्हाय की तिकडनं," म्हणून तोंड फिरवायचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, शिक्षण खात्यात कारकून. जन्मभर लोकांच्या अर्जांवर शेरे मारून त्यांनी हे घर उभं केलं आणि वर गच्चीला लागून एक खोली काढली. आई मोडनिंबची, शेतकऱ्याघरची. तिला ती खोली ज्वारीची पोती ठेवायला हवी होती. अण्णांनी ती भाड्यानं दिली, आणि तीही परदेशी माणसाला. आई कितीतरी दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती. जेवायला वाढताना ताट जरा जोरात ठेवायची, एवढाच तिचा निषेध.

भाडेकरू म्हणजे यूसुफ, त्याची बायको हनान आणि त्यांची पाच वर्षांची मुलगी रीम. यूसुफ गावातल्या कॉलेजात औषधांचं शिक्षण घ्यायला आला होता. ही माणसं पॅलेस्टाईनची. यूसुफचा जन्म गाझाचा, पण वडील नोकरीला कुवेतला गेले म्हणून तो वाढला तिकडं. हनानचे आईवडील जॉर्डनमध्ये, अम्मानला. आपला देश कुठला, हे त्या दोघांना एका वाक्यात सांगता यायचं नाही. हनानकडे जॉर्डनचा पासपोर्ट होता. यूसुफकडे पासपोर्टच नव्हता. त्याच्याकडे इजिप्तनं दिलेलं प्रवासाचं एक पुस्तक होतं, आणि ज्या इजिप्तनं ते दिलं तोच देश त्याला आत येऊ देत नव्हता. रीमचं नाव बापाच्या पुस्तकात. अण्णांनी ते कागद चष्मा वर-खाली करत पाहिले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "नवरा-बायकोची फाइल दोन टेबलांवर गेली," ते रात्री जेवताना म्हणाले, "की काम होत नाही." मी आणि धाकटा भाऊ हसलो. अण्णांचं सगळं जग टेबलांवर वसलेलं होतं.

मी त्या वर्षी बारावीला नापास होऊन घरी बसले होते, आणि नापास झाले होते नेमकी इंग्रजीत. तरीही वरच्या खोलीचं आणि खालच्या स्वयंपाकघराचं बोलणं माझ्या तोंडून होऊ लागलं, कारण वासरांत लंगडी गाय शहाणी. हनानचं इंग्रजीही माझ्यासारखंच लंगडं असल्यामुळं आमचं छान जमलं. चुका कोण काढणार? ती माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी, उंच, दाट भुवयांची, हट्टी. हसली की अख्खी गच्ची ऐकायची. माझी इकडं कांदेपोह्यांची रांग चालू होती. जेऊरचे, करमाळ्याचे, कुठले कुठले पाहुणे येऊन मला उभी-आडवी बघून जायचे आणि "कळवतो" म्हणायचे. ते गेले की मी वर जायची. हनान विचारायची, आज कोण होता, आणि मी त्याची नक्कल करून दाखवायची. घरात बसून राहण्याचा मला तेव्हा फार राग होता. कोंडलं जाणं म्हणजे काय हे मला कळलंय असं मला वाटायचं.

आई आणि हनान यांच्यातलं पहिलं भांडण पाण्यावरून झालं. आमच्याकडं नळ दिवसाआड, तोही करंगळीएवढ्या धारेचा. टँकर आला तर बाया पदर खोचून पळायच्या. आणि हनानची फरशी धुण्याची रीत अशी, की बादलीभर पाणी खोलीत फेकायचं, खराट्यानं खसाखसा लोटायचं आणि दारातनं गच्चीवर काढायचं. पहिल्यांदा जिन्यावरून पाण्याचे ओघळ खाली आले तेव्हा आई पोळपाटावरून उठून वर धावली. "आगं ये बाई, प्यायचं पानी हाय ते. फरशीला आंघूळ घालतीस व्हय?" हनानला शब्द कळले नाहीत, पण बादली तिनं पाठीमागं लपवली. दुसऱ्या दिवशी ती खाली आली आणि आईच्या हातातलं ओलं फडकं घेऊन आमचं अख्खं स्वयंपाकघर तांब्याभर पाण्यात पुसून दाखवलं. आईनं चुलीवरची भाकरी काढली, वर शेंगाचटणी आणि तेल घातलं आणि हनानपुढं ठेवली. चटणीनं हनानच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिनं भाकरी संपवली. मग एके दिवशी तिनं आईच्या मोठ्या पातेल्यात वांगी, बटाटे आणि भात शिजवून ते पातेलं परातीत उलटं केलं. भाताचा तो बुरूज सरळ उभा राहिला तेव्हा आई म्हणाली, "ह्ये मातूर झ्याक हाय." त्या दिवसापासून ताट जोरात ठेवणं बंद झालं.

उन्हाळा सरता सरता हनानला दिवस गेल्याचं पक्कं झालं, आणि लगेच रक्त दिसलं म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला झोपून राहायला सांगितलं. यूसुफला सुट्टीत कुवेतला जाणं भाग होतं. तिकडं राहण्याची जी परवानगी असते, ती फार दिवस बाहेर राहिलं की रद्द होते म्हणे. आईवडीलही तिथंच. हनान झोपून, तिच्यामागं पोर कोण सांभाळणार, आणि आजीला नात बघायची होती, म्हणून त्यानं रीमला बरोबर न्यायचं ठरवलं. सुट्टी संपली की दोघं परत. जाताना रीम हनानच्या गळ्याला मिठी मारून बसली होती आणि सोडत नव्हती. शेवटी माझ्या आईनं तिच्या हातात गुळाचा खडा दिला आणि फसवून रिक्षात बसवलं. रिक्षा माळावरच्या धुळीत दिसेनाशी होईपर्यंत हनान गच्चीच्या कठड्याशी उभी होती. झोपून राहायचं होतं तिनं, पण कोण सांगणार.

मग इराकनं कुवेत घेतलं. आमच्या घरात ती बातमी अण्णांच्या रेडिओवर आली, प्रादेशिक बातम्यांत, कांद्याच्या भावानंतर. अण्णांनी आवाज वाढवला, मग एकदम कमी केला, कारण वरून जिन्यावर पावलं वाजली होती. त्या दिवसापासून तो रेडिओ वरच्या खोलीत गेला आणि पुन्हा कधी खाली आला नाही. हनान उशाशी तो घेऊन काटा केसभर इकडं, केसभर तिकडं करत अरबी बोलणारं स्टेशन शोधायची. खरखर, शिट्ट्या, मधेच एखादं वाक्य, पुन्हा खरखर. भाकऱ्या थापताना आईला डोक्यावरून तो आवाज ऐकू यायचा. आजही कुणाच्या रेडिओची खरखर ऐकली की मला ज्वारीच्या पिठाचा वास येतो.

कॉलनीत फोन एकच, समोर राहणाऱ्या, बँकेतल्या साहेबांकडं. अम्मानला हनानच्या वडिलांना तिथून कधीमधी फोन लागायचा. ते एकच सांगायचे, कुवेतहून काही कळत नाही, तू इकडं ये. पण डॉक्टरीणबाई प्रवासाला नाही म्हणत होत्या. आणि हनानच्याही मनात निराळंच होतं. ती मला म्हणाली, "यूसुफला माझा एकच पत्ता माहीत आहे. तो सुटला तर इथंच निरोप पाठवील. मी इथून हलले तर तो मला कुठं शोधणार?" त्यामुळं ती त्या खोलीत राहिली. खिडकीतून माळ दिसायचा, माळावर शेळ्या दिसायच्या. गाव सोडायचं तर पोलिसांना कळवावं लागे. महिन्याकाठी एक हवालदार येऊन, ती आहे ना, एवढं बघून, चहा पिऊन जायचा. तो आला की अण्णांना घाम फुटायचा. परक्या देशाची बाई घरात ठेवल्याबद्दल आपली नोकरी जाईल असं त्यांना उगीचच वाटायचं. शेजारच्या काकूंनी आईला एकदा विचारलंच, "नवरा नाही, कुणी नाही, किती दिवस ठेवून घेणार हो हिला?" आई म्हणाली, "पैलं बाळंतपन काय आन् दुसरं काय, बाई म्हायेरी असती. तिचं म्हायेर लांब हाय. तवर हितं." एवढं बोलून ती निवडलेल्या डाळीकडं वळली. मला आईचा इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता.

थंडीत मुलगा झाला. बाळंतपण अवघड गेलं, हनान पांढरीफटक पडली होती. आईनं तिला वर जाऊ दिलं नाही. आमच्या मधल्या खोलीत बाज टाकली, खिडक्यांना चादरी लावल्या, बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी. डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, बाजरीची भाकरी आणि लसणाचं कढण. अंग चोळायला गावातून एक म्हातारी यायची, ती हनानचे पाय चोळता चोळता तेलुगूत काहीतरी पुटपुटायची आणि हनान तिला अरबीत उत्तर द्यायची. दोघींचं काय चाललंय ते मला आजतागायत कळलेलं नाही. बाळाला मात्र सगळ्यांची भाषा कळत असावी, कारण तो कुणाकडंही शांत राहायचा. हनान त्याला पाजताना माझ्याकडं बघून म्हणायची, "रीमला अजून माहीत नाही, तिला भाऊ आलाय." असं म्हणताना ती हसायची, आणि मला बाहेर निघून जावंसं वाटायचं.

बाळ बारा दिवसांचं असेल, तेव्हा समोरच्या साहेबांचा गडी धावत आला. फोन आहे, परदेशातून. हनान उठायला लागली तर आईनं तिला खाली दाबलं आणि मला पिटाळलं. मी चपलाही न घालता पळाले. यूसुफ होता. तो कुवेतमधून निघून, बगदादवरून बस बदलत बदलत, रीमला घेऊन अम्मानला पोचला होता. मला त्याचं रडणं आधी ऐकू आलं, शब्द मागाहून. तो सांगत होता ते असं: जॉर्डन त्याला ठेवून घेणार नव्हता. त्याच्या पुस्तकावर फक्त वाटेत थांबण्याची परवानगी मिळाली होती, थोड्या दिवसांची. लिबियात त्याच्या मित्रानं औषधाच्या कारखान्यात काम बघून ठेवलं होतं, आणि बायकोमुलांसकट चौघांना नेण्याचा कागदही मिळत होता. पण चौघांनी अम्मानहून एकत्र निघायचं. हनाननं लगेच यायला हवं. तिच्या वडिलांनी मुंबईहून विमानाची व्यवस्था केली होती. मग फोनवर रीम आली. तिनं मला अरबीत काहीतरी विचारलं. मी मराठीत म्हटलं, "येती, येती तुझी आई." आणि लाइन तुटली.

घरी आले तेव्हा मी धापा टाकत सगळं एका दमात सांगितलं, आधी हनानला, मग आईला. हनाननं बाळाला छातीशी धरलं आणि डोळे मिटून घेतले. नवरा जिवंत, पोर जिवंत. आमच्या सगळ्यांच्याच जिवात जीव आला. आईनं देवापुढं साखर ठेवली. अण्णा ऑफिसातून आले, त्यांनी कोट न काढता सगळं ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, "उद्याच्या गाडीनं मुंबईला न्यायचं. मी रजा टाकतो."

"उद्या?" आई म्हणाली. "अवो, ओली बाळंतीन हाय ती. सव्वा म्हयना झाल्याबिगर दाराचा उंबरा वलांडायचा नसतोय. रगत जातंय आजून. इमानात काय झालं म्हंजे? आन् त्या वल्या गोळ्याला घिऊन?"

"मुदत आहे तिथं," अण्णा म्हणाले. "मुदत म्हणजे मुदत असते. टळली की टळली."

"मुदत वाढवून मागायची. तुमच्या हापिसात न्हाय का वाढत?"

हनान मला विचारत होती, आई काय म्हणते. मी सांगितलं, सव्वा महिना, म्हणजे चाळीस दिवस, बाळंतिणीनं घराबाहेर पडायचं नाही अशी आमच्यात रीत आहे. हनानचा चेहरा एकदम बदलला. ती म्हणाली, "चाळीस? आमच्यातही चाळीसच. माझी आई इथं असती तर तिनंही हेच म्हटलं असतं." मी ते आईला सांगितलं. आई बाजेवर तिच्याजवळ बसली. "तुमच्यातबी चाळीस? बघा की. देव येगळा, पर बाईचं आंग येकच." तिनं हनानचा हात हातात घेतला आणि त्या दोघी, गेले कित्येक महिने माझ्याशिवाय एकमेकींशी दोन वाक्यं बोलू न शकलेल्या, एकमेकींकडं बघून हसल्या. मलाही आनंदानं भरून आलं. जगाच्या दोन टोकांना एकच रीत, केवढी मोठी गोष्ट वाटली ती. अण्णा तेवढे कोट घालून तसेच उभे होते.

डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, अशक्त आहे, जरा ताप आहे, थांबली तर बरं. जाऊच नका असं काही मी म्हणणार नाही. आईनं त्यातलं "थांबली तर बरं" तेवढं ऐकलं. हनाननंही तेवढंच ऐकलं. तिला तिच्या आईची आठवण येत होती, ताप होता, आणि इतके महिने एकटीनं सगळं ठरवल्यावर कुणीतरी मोठ्या बाईनं आपल्याला "झोप" म्हणावं, हे तिला हवं होतं. तिनं अम्मानला निरोप दिला, मुदत वाढवून घे, चाळीस होताच निघते. यूसुफ म्हणाला, खटपट करतो. अण्णांनी दुसऱ्या दिवशी जेवताना आणखी एकदा म्हटलं, "पाठवायला हवं होतं." ते कुठलीही गोष्ट फार तर दोनदा म्हणत. तिसऱ्यांदा म्हणण्याचा स्वभाव त्यांच्याकडं असता तर कदाचित ते साहेब झाले असते, आणि रीमला आई मिळाली असती.

बाळ तीन आठवड्यांचं झालं आणि तिकडं युद्ध सुरू झालं. बगदादवर बाँब पडू लागले. रेडिओवरची खरखर आता दिवसभर चालायची. अम्मानची विमानं बंद झाली. फोन लागेनात. एकदा कसाबसा लागला तेव्हा हनानच्या वडिलांनी सांगितलं: मुदत वाढली नाही. पोलीस यूसुफला दोनदा न्यायला आले. तो रीमला घेऊन लिबियाला निघून गेला. रीमला आमच्याकडं ठेव म्हटलं तर तिचं नाव त्याच्या पुस्तकात, तिलाही राहू देईनात. साहेबांच्या हॉलमध्ये, त्यांच्या सोफ्यावर फोन कानाशी धरून मी हे एकेक वाक्य ऐकलं, आणि परतताना रस्ता एवढा छोटा का आहे असं मला वाटलं. हनाननं ऐकून घेतलं, बाळ आईच्या मांडीवर ठेवलं आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. आई म्हणाली, "मी काय म्हनलं हुतं का, लढाई व्हनार म्हून?" तिला कुणी काही विचारलं नव्हतं. मला तिचा राग आला, इतका की मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. आणि त्याच वेळी तिच्याकडं बघवतही नव्हतं.

सव्वा महिना मात्र थांबला नाही, तो आपल्या वेळेवर पुरा झाला. आईनं पहाटे बंब पेटवला, हनानला डोक्यावरून न्हाऊ घातलं, बाळाला नवं झबलं. मधल्या खोलीच्या खिडक्यांवरच्या चादरी काढल्या. बाळाचं नाव अमीन ठेवलं. मग रीतीप्रमाणं आईनं हनानच्या हाताला धरून तिला उंबऱ्याबाहेर आणलं. बाहेर ऊन होतं, माळ होता, बाभळी होत्या. हनान अंगणात उभी राहिली आणि मला म्हणाली, "आता मी कुठंही जाऊ शकते ना?" मी हे आईला मराठीत सांगितलं नाही. पण आईला कळलं असावं, कारण ती आत गेली आणि त्या दिवशी जेवली नाही.

पुढं लढाई थांबली, विमानं सुरू झाली, आणि उन्हाच्या झळा लागायला लागल्या तेव्हा अण्णा हनानला आणि अमीनला मुंबईपर्यंत पोचवून आले. आईनं तिची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, सगळं. हनानला त्यातलं काही माहीत नव्हतं, तिनं पदर नसल्यामुळं ओढणी पसरली. स्टेशनवर गाडी हलल्यावर आई खिडकीबरोबर चार पावलं चालली. तिनं काहीतरी म्हटलं, ते गाडीच्या आवाजात हनानला ऐकू गेलं नाही, मला गेलं. "मला वाटलं, त्यात तुजं बरं हाय," असं ती म्हणाली होती.

त्यानंतरचं सांगायला फार नाही. अण्णांचं म्हणणं खरं ठरलं. फाइल दोन टेबलांवरच राहिली. हनानच्या देशात यूसुफला शिरकाव नाही, यूसुफ असेल तिथं हनानला परवानगी नाही. काही वर्षांनी यूसुफ आणि रीम कसेबसे गाझाला पोचले, त्याच्या जन्मगावी, आणि तिथून पुढं बाहेर पडणं आणखी अवघड झालं. रीमच्या लग्नाला हनानला एकदाच आत जायला मिळालं. तिनं मला नंतर सांगितलं, "मंडपात दोन नवऱ्या होत्या, माझी मुलगी कुठली ते मला विचारावं लागलं." यूसुफ गेला तेव्हा हनान अम्मानला होती. तिनं आमच्या आईला कधी दोष दिला नाही. निर्णय माझाही होता, ती म्हणते, आणि तो होताच. पण माणूस दोष देत नाही म्हणून ओझं उतरतं असं नाही. पुढं धाकट्या भावाच्या बायकोच्या बाळंतपणात आईनं सव्वा महिन्याचं नावही काढलं नाही. बदलीच्या गावी जायचं म्हणून ती आठव्या दिवशी निघाली तर आईनंच तिची पेटी दारात आणून ठेवली. शेजारपाजार बोलला. आईनं ऐकून घेतलं.

आज मी पन्नाशी ओलांडून पुढं आले आहे. इंग्रजीचा तो पेपर पुढं सुटला, आणि नोकरी, लग्न, सगळं रीतसर झालं. अण्णा नाहीत. जुळे सोलापुरात आता माळ शोधून सापडत नाही. आई पंचाऐंशीची आहे, कानानं कमी ऐकते आणि दुपारची माझ्या शेजारी बसून मोबाइलमध्ये डोकावते. हनान पडद्यावर येते, केस पांढरे झालेले, भुवया अजून तशाच दाट. आमचं इंग्रजीही अजून तसंच लंगडं. गेली दोन वर्षं, गाझात लढाई पेटल्यापासून, तिच्याशी बोलणं म्हणजे रीमचं काही कळलं का, एवढंच असतं. रीम आणि तिची माणसं किती वेळा जागा बदलून कुठल्या शाळेत, कुठल्या तंबूत राहिली, ते आता तिलाही सांगता येत नाही. आठ-आठ दिवस काही कळत नाही. मग अचानक रीमच्या आवाजाचा एक तुकडा येतो, मागं घरघर, मधेच तुटलेला, आणि हनान तो पुन्हा पुन्हा ऐकते.

परवा हनानचा फोन आला तेव्हा तिचा चेहरा बघूनच मी मोबाइल आईपासून जरा लांब धरला. रीमची मुलगी बाळंत झाली होती, तंबूत, मुलगा. बाळ नऊ दिवसांचं. आणि त्या भागातून सगळ्यांनी निघून जा, असा लष्कराचा हुकूम आला होता. रीमनं हनानला आवाज पाठवला: हिला अजून उभं राहवत नाही, रक्त थांबलेलं नाही, रस्ता पायी आहे, चाळीस कुठले, दहासुद्धा झाले नाहीत, मी काय करू?

"तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"उठव म्हटलं," हनान म्हणाली. "आत्ता उठव. धरून चालव, ओढत ने, पण थांबू नको."

"काय म्हनतीय ती?" आईनं माझा दंड हलवला. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. बाळ, तंबू, हुकूम, हनानचं उत्तर. आईनं मोबाइल माझ्या हातातून घेतला, पडदा अगदी डोळ्यांपाशी नेला आणि पडद्यातल्या हनानला म्हणाली, "ब्येस केलंस. कान बांदून घ्यायला सांग पोरीला. वारं लागू दिऊ नगं म्हनावं."

मी ते इंग्रजीत सांगितलं. हनाननं मान हलवली. तेही तिनं सांगितलं होतं.